मागची शिवण

शिंपीकामाच्या दुकानातल्या मास्तरीणबाईंना एक खोड होती. कुणी पँट घेऊन आलं, "बटण तुटलंय, जरा लावून द्या" म्हणालं, की त्या बटण तर लावायच्याच, पण ते का तुटलं तेही बघायच्या. बटण काही हौसेने तुटत नाही. पोट पुढे येतं, कंबरपट्टी ताणली जाते, मग ते बिचारं किती दिवस तग धरणार! बाई पँट उलटी करून ब्लेडने मागची शिवण उसवायच्या, शिवताना आत राखून ठेवलेलं कापड अर्धा इंच मोकळं सोडायच्या, परत मशीन मारायच्या आणि वरून कडक इस्त्री. गिऱ्हाइकाला मात्र याबद्दल चकार शब्द नाही. तो घरी जाऊन पँट चढवायचा आणि बायकोला म्हणायचा, बघ, उगाच मला जाडा म्हणतेस!

"तुमच्याकडचे कपडे कधी आटत नाहीत हो," असं लोक वर्षानुवर्षं सांगायचे, आणि बाई तोंडात टाचण्या धरून हसायच्या.

"अगं, सांगत का नाहीस त्यांना?" धाकटी बहीण विचारायची. ती दुकानात काज-बटणं करायची, आणि भाच्यामुळे सगळं दुकान तिला मावशीच म्हणायचं.

"कशाला सांगू? माणूस आरशासमोर उभा राहिला की त्याला बरं वाटलं पाहिजे. वजन सांगायला डॉक्टर बसलेत की."

तर अशी ही खोड. बाहेरच्यांपुरती राहिली असती तर काही बिघडलं नसतं, पण ती घरात शिरली.

बाईंना एकच मुलगा. लहानपणी इतका किडकिडीत, की त्याच्या शर्टाला कापड कमी आणि शिवण जास्त लागायची. एक घास खायला तासभर लावायचा. सगळे त्याला टिल्लू म्हणायचे. वडील लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचे, महिन्यातून चार-पाच दिवस घरी, आले की पहिला प्रश्न, "टिल्लू जेवतो का नीट?" म्हणजे मुलाच्या अंगावर मांस चढावं ही त्या घराची जुनी इच्छा. आणि विसाव्या वर्षी टिल्लू दुकानात कायमचा बसायला लागला, दिवसभर मशीनवर, बाजूला चहा आणि बिस्किटांचा पुडा, तेव्हा ती इच्छा पुरी व्हायला लागली. बाई खूश. ताटात थोडं जास्तीचं वाढायच्या आणि तो खायचा, याहून मोठं सुख त्यांना माहीत नव्हतं.

त्याच वर्षी टिल्लूने आयुष्यातली पहिली पँट शिवली, स्वतःसाठी. राखाडी कापड, माप त्याने घेतलं, बेतलं त्याने, शिवलं त्याने. आईला हात लावू दिला नाही. पँट अशी बसली की मावशीने दृष्ट काढायचीच बाकी ठेवली. त्या दिवसापासून काही खास असलं की टिल्लूच्या अंगात ती राखाडी पँट.

वर्षभराने ती इस्त्रीला आली तेव्हा बाईंनी सवयीने कंबर बघितली. ताणलेली होती. हाताने ब्लेड उचललं, डोक्याला विचारलंच नाही. एक इंच सोडली, शिवली, घडी घालून कपाटात ठेवली. सांगणारही होत्या, पण दुसऱ्याच दिवशी टिल्लू मावशीसमोर उभा राहून म्हणतो काय, "बघ मावशी, वर्ष झालं, अजून जशीच्या तशी बसते! माप घ्यावं तर असं!" आता अशा पोराला काय सांगायचं? बाई गप्प बसल्या. आणि एकदा गप्प बसलेलं माणूस दुसऱ्यांदा आणखी सहज गप्प बसतं, तसंच झालं. चार वर्षांत त्यांनी ती पँट चार वेळा सोडली.

इकडे टिल्लूला खाज सुटायला लागली. आधी मानेवर, मग कोपराच्या आतल्या घडीत, गुडघ्यांमागे, आणि शेवटी हातांवर. कातडी लाल व्हायची, कोरडी पडायची, खाजवून खाजवून रक्त यायचं. कुणी म्हणालं साबण बदला, साबण बदलला. कुणी म्हणालं लोकरीचं कापड सोड, सोडलं. मावशीने त्याच्या सगळ्या शर्टांच्या गळ्यातली लेबलं काढून टाकली. जवळच्या दवाखान्यातून मलमांच्या ट्यूबा आणल्या. चार दिवस बरं वाटायचं, पाचव्या दिवशी पुन्हा येरे माझ्या मागल्या.

"कापडच बाधतंय मला," टिल्लू म्हणायला लागला. "शिंप्याला कापड बाधतं! ऐकलंय कधी?" तो हसून म्हणायचा, पण ते हसू काही खरं नव्हतं.

मग एक दिवस वकीलसाहेब कोटाचं माप द्यायला आले. बारा वर्षांचं जुनं गिऱ्हाईक. टिल्लूने टेप घेऊन त्यांचं मनगट धरलं, आणि साहेबांनी त्याच्या हाताकडे बघून आपला हात झटकन मागे ओढला. "नाही, म्हणजे... मास्तरीणबाई, तुम्हीच घ्या ना माप." टिल्लूने टेप आईच्या गळ्यात घातला आणि मागच्या खोलीत निघून गेला.

"हे कुणाला लागत नाही हो," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला होता. "इसब आहे नुसता! लागण नाही होत!" पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. त्याच आठवड्यात टिल्लूने सांगून टाकलं: कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानात जागा आहे. काचेशी काम, कापड नाही, धागा नाही. एक तारखेपासून बोलावलंय.

बाईंच्या पायाखालची जमीन सरकली. हे दुकान त्यांनी दोन खुर्च्यांवर उभं केलं होतं, एक स्वतःची, दुसरी त्याची. पण मुलाचे हात असे रक्ताळलेले बघून "जाऊ नकोस" तरी कुठल्या तोंडाने म्हणणार? त्या एवढंच म्हणाल्या, "आधी मोठ्या डॉक्टरांना दाखवू. त्या म्हणाल्या तर जा."

कातडीच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, शांत होत्या, आणि त्यांच्या पांढऱ्या कोटाची उजवी बाही चुकीची बसवलेली होती. बाईंना ते आत शिरल्या शिरल्या दिसलं. टिल्लू अर्थात राखाडी पँटीत. डॉक्टरांनी मान, कोपर, गुडघे, हात, सगळं नीट बघितलं आणि त्याला काट्यावर उभं केलं. शहाऐंशी किलो.

"वजन अलीकडे वाढलंय का?"

"छे! मी असाच आहे पहिल्यापासून."

"नक्की? कारण सांगते. तुमच्या वयाच्या मुलामुलींमध्ये वाढलेलं वजन आणि इसब, दोन्ही बरोबर असलेलं पुष्कळदा दिसतं. एकामुळे दुसरं होतंच असं मी म्हणणार नाही. पण वजन वाढलं आणि मागोमाग हे सुरू झालं, असं काही असेल तर मला कळायला हवं."

"डॉक्टर, मी शिंपी आहे," टिल्लू छाती फुगवून म्हणाला. "ही पँट चार वर्षांपूर्वी मी स्वतः शिवली. बघा, आजही तीच घालतोय. तेव्हा तर अंगावर एक डाग नव्हता. वजन बदललं असतं तर पहिलं मला कळलं असतं."

बोल, आत्ता बोल, असं बाईंनी स्वतःला बजावलं. पण परक्या बाईसमोर पोराचं हसं करायचं? त्याच्या पहिल्या पँटीचं? त्यांनी डॉक्टरांच्या त्या वाकड्या बाहीकडे नजर लावली आणि ओठ घट्ट मिटले.

"मग कापडावर संशय घ्यायला जागा आहे," डॉक्टर म्हणाल्या. "वजन थोडं कमी झालं तर बरंच, पण आधी चार-सहा महिने कापडापासून लांब राहून बघा. औषध देते."

झालं! टिल्लूला जे हवं होतं ते डॉक्टरांनीच म्हटलं. येताना रस्ताभर तो चष्म्यांबद्दल बोलत होता. बाई नुसत्या हं हं करत होत्या.

तीस तारखेला संध्याकाळी त्याने राखाडी पँट आईपुढे ठेवली. "उद्या पहिला दिवस. छान इस्त्री करून दे."

सकाळी साडेसात वाजता तो अंघोळ करून, कमरेला टॉवेल गुंडाळून दुकानात आला. घर मागे, दुकान पुढे, मधे एक पडदा. बेतायच्या टेबलावर पँट उलटी पसरलेली होती आणि मागची शिवण कमरेपासून खालपर्यंत उघडी होती. बाजूला ब्लेड, खडू आणि आई.

"आई! हे काय करून ठेवलंस? नऊला पोचायचंय मला!"

"मोज," बाई म्हणाल्या.

"काय मोजू?"

"ओळी मोज."

शिवण उसवली की सुईची भोकं राहतात. इस्त्रीने घडी जाते, भोकं जात नाहीत, फक्त ती उलट्या बाजूला असतात आणि आपल्या कपड्याची उलटी बाजू कोण बघत बसतो? टिल्लू वाकला. शिंपिणीचा मुलगा, त्याला पुढचं सांगावं लागलं नाही. त्याने बोट ठेवलं. एक ओळ. तिच्या बाजूला दुसरी. मग तिसरी, चौथी. त्यापुढे कापडच संपलं होतं, तिथे वर कमरेशी एक बारीक त्रिकोणी कळी जोडलेली होती, त्याच राखाडी कापडाची.

"हे कापड कुठून आलं?"

"तू बेतलीस तेव्हाची चिंधी. ठेवली होती मी."

"चार वर्षं?"

"तुझी पहिली पँट होती रे. टाकवेना मला."

त्याने टेप लावला. साडेचार इंच. परत लावला, साडेचारच. मग कडेपासून सगळ्यात लांबच्या ओळीवरून त्याने बोट फिरवलं. "ही माझी," तो हळूच म्हणाला. "वाकडी आहे."

"पहिलीच होती. वाकडी यायचीच."

"आणि या तुझ्या." तो सरळ उभा राहिला. "कधी सोडल्यास?"

"पहिली तू एकवीसचा झालास तेव्हा. दुसरी त्याच वर्षी, थंडी पडली तेव्हा. मग पुढच्या उन्हाळ्यात. कळी गेल्या वर्षी." बाईंनी त्याच्या मानेकडे बघितलं. "मानेवर तुझ्या कधी आलं, आठवतं का?"

टिल्लूने बोटांवर महिने मोजले. "त्याच थंडीनंतर. महिन्याभरात."

"म्हणून उसवली."

यावर तो जे भडकला ते विचारू नका. "अगं, चार वर्षं मी गावभर सांगत फिरलो! डॉक्टरांना सांगितलं! तू शेजारी बसली होतीस! मी मूर्खासारखा छाती फुगवून पँट दाखवतोय आणि तू गप्प?"

"हो."

"का?"

"तुला वाईट वाटेल म्हणून."

"मग आता काय गुदगुल्या होतायत मला?"

बाई रडल्या. अगदी डोळ्याला पदर लावून, हमसून हमसून रडल्या. चुकलंच होतं त्यांचं, आणि त्यांनी ते तसंच सांगितलं. "चुकले रे. वजनाचं सोड, पण तू शिवलेल्या कापडाला तुला न विचारता हात लावायला नको होता."

टिल्लू आत गेला, दुसरी कुठली तरी पँट चढवून आला, टेबलावरची राखाडी पँट काखोटीला मारली आणि न खाता बाहेर पडला.

नऊ वाजता मावशी आली तेव्हा बाई मशीनसमोर नुसत्या बसून होत्या. "गेला," त्या म्हणाल्या. "काचेच्या दुकानात गेला. मी सांगितलं आणि तो गेला."

"जाऊ दे. पण सांगितलंस हे बरं केलंस," मावशी म्हणाली. "मी तर दुसऱ्या वेळेपासून बघत होते. मलाही बोलायचा धीर झाला नाही, तर तुला काय म्हणू?" मग तिने बहिणीसाठी चहा केला आणि दोघींनी तो गार होऊ दिला.

बारा वाजता टिल्लू परत आला. घामाघूम.

"चष्म्याचं दुकान?" मावशीने विचारलं.

"गेलो नाही. म्हणजे गेलो, येत नाही म्हणून सांगायला." त्याने पँट टेबलावर टाकली. "डॉक्टरांकडे गेलो होतो. दोन तास रांगेत बसलो. त्यांनी सगळ्या ओळी मोजल्या. म्हणाल्या, वजनाचा असा तक्ता कुठल्या पेशंटने आणला नव्हता."

"आणखी काय म्हणाल्या?" बाईंनी विचारलं.

"म्हणाल्या, आता कापडालाच दोष देता येत नाही. कापड बाधतं का याची पाठीवर पट्ट्या लावून चाचणी करू. तोवर मलम रोज, कंटाळा न करता. वजन हळूहळू उतरवा. त्याने इसब जाईलच असं वचन देत नाही, पण फरक पडलेला पुष्कळांना बघितलाय. काम सोडू नका, सहा महिने बघू." तो खुर्चीत बसला. त्याच्या स्वतःच्या, दुसऱ्या खुर्चीत. "आणि मी अजून रागावलोय. लगेच वाढायला उठू नकोस."

बाई अर्ध्या उठल्या होत्या, त्या खाली बसल्या.

राग तीन दिवस टिकला. चौथ्या दिवशी त्याने टाचण्यांचा डबा मागितला आणि आईने तो दोन्ही हातांनी दिला, म्हणजे मिटलंच ते. पाठीवरच्या पट्ट्यांत कापड निर्दोष ठरलं. मावशीने ती बातमी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगितली. बिस्किटांचा पुडा वरच्या फळीवर गेला आणि तिथून नाहीसा झाला. तयार कपडे पोचवायला टिल्लू आता सायकलऐवजी पायी जायला लागला. ताटात जास्तीचं वाढायला बाईंचा हात उठायचा, मधेच थांबायचा आणि डाव परत पातेल्यात जायचा. त्यांना ते जड जायचं, खोटं कशाला बोला. वडिलांनी फोनवर नेहमीचा प्रश्न विचारला तेव्हा टिल्लूच म्हणाला, "बाबा, आता दुसरं काहीतरी विचारत जा."

सगळं सरळ झालं असंही नाही. मधे एकदा हात असे फुटले की आठवडाभर बोटांना पट्ट्या. त्या आठवड्यात बाई चष्म्याच्या दुकानावरून जाताना मान वर करायच्या नाहीत. पण मान निवळली. मग गुडघे. पाचव्या महिन्यात कोपराची घडी मऊ झाली, आणि टिल्लूने कितीतरी दिवसांनी अर्ध्या बाह्यांचा शर्ट घातला. काटा सत्त्याहत्तरवर आला होता.

त्याच सुमारास वकीलसाहेब पँट घेऊन आले. बटण तुटलं होतं. टिल्लू समोर होता. त्यांनी त्याच्या हाताकडे बघितलं, जरा ओशाळले, आणि पँट त्याच्याच हातात दिली. टिल्लूने ती आईकडे सरकवली. बाईंनी कंबर बघितली, सवयीने हात ब्लेडकडे गेला, आणि तिथेच अडला. टिल्लू बघत होता.

"साहेब," बाई म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदा म्हणत होत्या, त्यामुळे आवाज जरा फाटलाच. "मागून अर्धा इंच सोडू का?"

"सोडायची?" साहेब गोरेमोरे झाले. "अहो, बारा वर्षं येतोय तुमच्याकडे. कधी गरज पडली नाही!"

मावशीला ठसका लागला. ती उठून पडद्यामागे गेली आणि तिथून बराच वेळ खोकण्याचे आवाज येत राहिले.

"तुमची मर्जी, साहेब," टिल्लू गंभीरपणे म्हणाला. "विचारून करायचं असं ठरलंय आमचं."

साहेबांनी पोटावरून हात फिरवला, इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "सोडा. पण घरी कळायला नको."

ते गेल्यावर टिल्लूने विचारलं, "किती वेळा सोडलीस त्यांची?"

"पाच," बाई म्हणाल्या, आणि मग दोघं जे हसत सुटले ते मावशी बाहेर येईपर्यंत.

संध्याकाळी दुकान आवरताना टिल्लूने खालच्या कप्प्यातून राखाडी पँट काढली. इतके महिने ती उसवलेलीच पडून होती. त्याने कळी काढून आईच्या हातात दिली, कापड जुळवलं, खडूने रेघ मारली आणि दुसऱ्या ओळीवरून मशीन मारली. आपल्या पहिल्या वाकड्या ओळीपर्यंत अजून पोचायचं होतं. त्याची त्याला घाई दिसली नाही. पँट घालून तो आरशासमोर उभा राहिला. बाईंनी मागून बघितलं. सुरेख बसली होती, कुठे ओढ नाही, कुठे झोळ नाही. त्यांचे डोळे भरून आले.

मग त्याने ती काढली, उलटी केली, आणि आत उरलेल्या जास्तीच्या कापडावर बोट ठेवलं. आता ते दोन्ही बाजूंना चांगलं रुंद झालं होतं.

"एवढं कशाला ठेवतोस?" मावशी म्हणाली. "आता काप की."

बाईंनी कात्री पुढे केली नाही. टिल्लूनेही मागितली नाही.

"राहू दे," तो म्हणाला. "उद्या परत लागलं तर आई सोडेल." पँटीची घडी घालून त्याने ती आईच्या हातातल्या त्या चिंधीवर ठेवली. "पण मला सांगून, काय?"

"सांगून," बाई म्हणाल्या.